पाकिटावरची माय

नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, आणि आता त्यातले बरेचसे एकमेकांत मिसळून गेले आहेत. कुठला आरोपी कुठल्या ठाण्यातला, हे सांगताना माझी गडबड होते. पण मसाल्याच्या एका पाकिटाचं प्रकरण अजून जसंच्या तसं डोळ्यांपुढे आहे. त्यात कुणाला ओरखडासुद्धा उमटला नव्हता. तरी निवृत्तीनंतर कुणी "साहेब, एखादी केस सांगा" म्हटलं की माझ्या तोंडी पहिली तीच येते, आणि खुनाच्या अपेक्षेनं सरसावून बसलेली माणसं हिरमुसतात. त्यांना हिरमुसू द्यावं, मी सांगतोच.

मी मूळचा सातारा जिल्ह्यातला. बुलढाणा जिल्ह्यात बदली झाली तेव्हा घरी सगळ्यांनी तोंडं वाकडी केली होती. चिखली तालुक्यातलं एक ग्रामीण ठाणं माझ्याकडे आलं. आमच्याकडे प्रभारी अधिकारी म्हणतात, तिकडे लहानथोर सगळे ठाणेदार म्हणतात. तो शब्द ऐकून पहिले काही दिवस माझी छाती उगाचच फुगायची. भाषेशी मात्र माझं जमायला वेळ लागला. "काऊन आले?" असं कुणी विचारलं की मला ते उर्मट वाटायचं. हळूहळू कळलं की "का आलात?" याहून त्यात जास्त माया आहे. आता पुण्यात राहतो, आणि तो 'काऊन' ऐकायला कान आसुसतात.

अमडापूरच्या बाजाराच्या दिवशी आमचे जुने हवालदार बंदोबस्तासोबत घरची भाजीही घेऊन यायचे. नियमात ते बसत नव्हतं. पण मी कधी हटकलं नाही, कारण ठाण्यात येणारी निम्मी माहिती भाजीवाल्या बायकांकडूनच यायची. एका बाजाराला ते मेथीच्या जुडीबरोबर मसाल्याचं एक पाकीट घेऊन आले आणि माझ्या टेबलावर ठेवलं.

"भाजीवाल्या मावशीनं देल्लं साहेब. म्हणे, हवालदार, असली मसाला पुन्हा आला, जुन्या बाईचा. आता त्या गोऱ्या बाईचा डुप्लिकेट नेत नका जाऊ."

मला काही उलगडा होईना. मग त्यांनी पहिल्यापासून सांगितलं. मलकापूरच्या एका शेठचा हा मसाला वऱ्हाडात घरोघर चालायचा. लाल पाकीट, आणि त्यावर उखळात मसाला कुटणारी एक सावळी, धिप्पाड बाई. नऊवारी लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. वर्षभरापूर्वी शेठनं पाकीट बदललं. आता त्यावर एक गोरी, सडपातळ तरुणी हातात चकचकीत डाव घेऊन हसत होती. आणि गेल्या महिन्यापासून बाजारात पुन्हा ती सावळी बाई दिसायला लागली होती.

"मग कंपनीनंच परत आणली असेल," मी म्हणालो.

"तेच तं नाई साहेब. माह्या साळ्याचं किराण्याचं दुकान हाय. कंपनीचा माणूस त्याले म्हणाला, जुनी बाई आम्ही कधीचीच बंद केली."

म्हणजे नकली पाकीट असली ठरलं होतं आणि असली पाकीट नकली. इतकी वर्षं बनावट माल पाहिला, पण गिऱ्हाईक बनावट मालाला शोधत फिरतंय आणि कंपनीचा खरा माल दुकानदाराच्या तोंडावर परत फेकतंय, असा प्रकार मी पहिल्यांदाच पाहत होतो. मी स्टेशन डायरीला नोंद घ्यायला लावली.

दोनच दिवसांनी शेठ स्वतः घाटाखालून, म्हणजे मलकापूरहून, गाडी घेऊन आले. साठीच्या पुढचे, पांढरा सदरा, बोलणं मऊ. बरोबर त्यांचा पुतण्या होता. तो पुण्याला मार्केटिंग शिकून आलेला आणि धंद्याची जाहिरात बघणारा. फिर्याद शेठनी द्यायची, पण बोलत होता पुतण्या. ब्रँड, टार्गेट ग्राहक, आर्टवर्क. मी फिर्याद लिहून घेतली. बनावट पाकिटातून लोकांची फसवणूक, आणि चित्राची चोरी म्हणून कॉपीराइट कायदा. त्या कायद्यात फौजदारालाही जप्तीचे अधिकार असतात, हे मी रात्री पुस्तक काढून वाचलं, असं कबूल करायला हरकत नाही. तोवर मला तो कायदा कधी लागलाच नव्हता.

"पाकीट का बदललं?" मी विचारलं.

"लोक बदलले सर," पुतण्या म्हणाला. "मुली आता उखळ ओळखतसुद्धा नाहीत. पुण्याच्या एजन्सीनं सर्व्हे केला होता."

शेठ टेबलावरच्या बनावट पाकिटाकडे पाहत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला राग दिसत नव्हता. फिर्यादीच्या चेहऱ्यावर राग नसला की मी सावध होतो. अशा वेळी एक तर फिर्याद खोटी असते, किंवा तिच्यामागे काहीतरी दुखणं असतं.

पंच घेऊन आम्ही बाजारातून पाच पाकिटं विकत घेतली, पंचनामा केला. शेठच्या गोदामातून एक जुनं खरं पाकीटही मागवलं. सगळी टेबलावर ओळीनं मांडली. मला वाटलं, जुनं पाकीट समोर ठेवून कुणीतरी नक्कल छापली, दुसरं काय असणार. तेवढ्यात आमची महिला शिपाई वायरलेसचा निरोप द्यायला आत आली. तिचं तान्हं बाळ घरी होतं आणि ती नुकतीच रजेवरून रुजू झाली होती. ती पाकिटांकडे पाहून हसली.

"साहेब, ह्या बाईले तीट लावली हाय."

बनावट पाकिटावरच्या बाईच्या डाव्या गालावर, कानापाशी, एक काळा ठिपका होता. मी तो शाईचा शिंतोडा समजलो होतो. पाचही पाकिटं पाहिली, पाचांवर अगदी त्याच जागी. आणि जुन्या खऱ्या पाकिटावर तो नव्हता. मी भिंग आणून पाहिलं, तरी नव्हता.

इथं माझं डोकं चालेना. नक्कल करणारा माणूस असलेली खूण गाळेल, नसलेली कशाला घालेल?

दुसऱ्या दिवशी मी मलकापूरला गेलो. जुनी पाकिटं जिथं छापली जायची त्या छापखान्याचा मालक म्हातारा झाला होता, पण स्मरणशक्ती शाबूत होती. रेल्वे फाटकाकडून येणाऱ्या ट्रकांच्या आवाजात त्याला ओरडूनच विचारावं लागलं.

"मूळ चित्रावर ठिपका होता ना!" तो म्हणाला. "आम्ही डाग समजून निगेटिव्हवर खोडून टाकला. मंग पेंटर भांडाले आला. म्हणे, माह्या मायच्या गालावरची तीट पुसली तुम्ही. पण प्लेटा झाल्या होत्या. शेठनं समजूत काढली त्याची."

"मूळ चित्र कुठं आहे?"

"ते तवाच पावसानं खराब झालं. आता फकत पाकीट राह्यलं होतं."

परतीच्या वाटेवर जीपमध्ये मला कोडं सुटल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. मूळ चित्र उरलेलं नाही, छापील पाकिटावर तीट नाही. म्हणजे बनावट पाकिटावरची बाई कुणी नक्कल केलेली नव्हती. ती नव्यानं काढलेली होती, आणि ज्याला तीट लावल्याशिवाय ती सोडवत नव्हती त्यानंच काढलेली होती.

छापखानेवाल्यानं सांगितलेल्या पेंटरला हवालदार ओळखत होते. पंचक्रोशीतल्या सगळ्या पाट्या त्याच्याच हातच्या. "चाला, दाखवतो," म्हणून त्यांनी मला अमडापूरच्या रस्त्यानं फिरवलं. जनावरांच्या दवाखान्याच्या भिंतीवरच्या बैलाच्या खुरावर काळा ठिपका. शाळेच्या भिंतीवरच्या पोपटाच्या पंखाखाली ठिपका. सलूनच्या पाटीवरच्या हिरोच्या हनुवटीवर ठिपका. चष्म्याच्या दुकानाच्या पाटीवर तर नुसता चष्माच होता, तर त्याच्या दांडीवरसुद्धा. चित्र चांगलं उतरलं की त्याला दृष्ट लागते, म्हणून रंगाचा डबा बंद करण्याआधी शेवटचं बोट तीटेचं. ही त्याची रीतच होती. गुन्हा करतानाही ती त्याच्या हातून सुटली नव्हती.

पेंटरला मी ठाण्यात बोलावलं. तो सायकलवर आला. उंच, वाळलेला, चष्म्याची दांडी दोऱ्यानं बांधलेली, नखांत रंग. मी त्याला खुर्ची दिली, चहा दिला. मग काही न बोलता बनावट पाकीट पुढे सरकवलं. माझी ही जुनी पद्धत होती. वस्तू समोर ठेवायची आणि गप्प बसायचं. बहुतेक आरोपी पहिलं वाक्य बोलतात ते "मला माहीत नाही." त्यावरून कळतं की माहीत आहे.

पेंटरनं पाकीट उचललं, उजेडाकडे धरलं आणि म्हणाला, "छपाई बेकार हाय साहेब. लुगड्याचा रंग असा नव्हता."

हवालदारांना हसू आवरेना, त्यांनी तोंड फिरवलं. मी मात्र कडक आवाजात विचारलं, "तुम्ही काढलं हे?"

"हाव. म्याच काढलं."

"कुणासाठी?"

"बीबी गावाकडचा एक माणूस आला होता. तिकडं त्याची मिरची कांडाची मशीन हाय. म्हणला, कॅलेंडर काढाचं हाय, तुमची ती जुनी बाई काढून द्या. लोकाईले आवडते."

"आणि तुम्ही विश्वास ठेवला?"

इथं तो थांबला. त्याला खोटं बोलायला मी भरपूर जागा ठेवली होती. 'ठेवला' एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"पह्यल्या दिवशी ठेवला," तो म्हणाला. "दुसऱ्या दिवशी त्यानं मापं देल्ली, ती पाकिटाची होती. इतक्या वर्षाचा धंदा हाय साहेब, मले मापं समजतात."

"मग थांबला का नाहीत?"

"तवरिक अर्धी काढून झाली होती. मायले अर्धी कशी सोडू?"

पाकिटावरची बाई म्हणजे त्याची खरीखुरी आई होती. शेठ आणि हा पेंटर एकाच गावचे, एकाच वर्गातले. शेठनं धंदा सुरू केला तेव्हा त्याच्याकडे मशीन नव्हती. पहिला मसाला पेंटरच्या अंगणातल्या उखळात या माउलीनं कुटला, आणि शेठनं तो सायकलला पिशवी लावून गावोगाव विकला. पाकीट छापायची वेळ आली तेव्हा पेंटरनं आईला उखळापाशी बसवून चित्र काढलं. ती जाऊन आता पाच-सहा वर्षं झाली होती.

त्या दोघांचा आणखी एक व्यवहार होता, तो मला हवालदारांनी सांगितला. पेंटर गावच्या भारूड मंडळाचा प्रमुख. दरवर्षी यात्रेत भारूड व्हायचं, त्याचा मंडप आणि भोंगे शेठचे, मागचा पडदा पेंटरच्या हातचा. पडद्याच्या कोपऱ्यात उखळवाली बाई. आणि ऐन रंगात आलेल्या भारुडात बाईचं सोंग घेतलेला गडी कमरेची पिशवी काढून लाल पाकीट उघडायचा आणि जो शिंकायला लागायचा, तो थांबायचाच नाही. मग मृदंगवाला शिंकायचा, मग टाळकरी, शेवटी सगळी बसलेली माणसं. "ते शिंकणं पाह्यले लोक चिखलीहून येत होते साहेब," हवालदार म्हणाले. पुण्याच्या एजन्सीनं यातून विक्री किती वाढली ते मोजता येत नाही म्हणून ते बंद करवलं. त्या वर्षी मंडप उभा राहिला तो ऑर्केस्ट्राचा, आणि गोऱ्या बाईचे फ्लेक्स लागले. मंडळाचं भारूड देवळाच्या ओट्यावर झालं. माणसं फार आली नाहीत.

पेंटरनं दिलेल्या माहितीवर आम्ही बीबीकडच्या त्या शेडवर छापा टाकला. दुपारची वेळ होती, मशीन चालू होती, आणि आम्ही पंचांसह सगळेच शिंकत आत शिरलो. पाकिटांचे गठ्ठे, मसाल्याची पोती, आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेलं, पेंटरनं नव्यानं काढलेलं चित्र, सगळं जप्त केलं. मसाल्याचे नमुने अन्न खात्याकडे गेले. जिवाला धोका होईल असं त्यात काही निघालं नाही, भुसा मात्र निघाला. तो मशीनवाला माणूस तासाभरातच सगळं बोलून मोकळा झाला. त्याच्या बोलण्याला जालन्याकडचा वळसा होता.

"नाव म्या छापलं, कबूल हाय साहेब. पर चित्र चोरलं न्हाई. पेंटरबाबानं सोता काढून दिलं. पैसे देऊ लागलो तं घेतले न्हाईत. म्हनले, मायचे पैसे घेत नसत्यात."

गुन्हा उघडकीस आला होता. उरला होता एकच प्रश्न. पेंटरला आरोपी करायचं की साक्षीदार?

पुतण्यानं तर माझा पिच्छाच पुरवला. रोज फोन. "सर, मुख्य आरोपी तोच आहे. आमचं आर्टवर्क त्यानं बाहेर दिलं. अटक होत कशी नाही?" कागदावर त्याचं म्हणणं चूकही नव्हतं. पेंटरनं माझ्यासमोर सांगितलं होतं की मापं बघून त्याला कळलं होतं. वयाच्या त्या टप्प्यावर माणूस एकदा लॉकअपमध्ये बसला की गावात पुन्हा पाटी रंगवायला उभा राहत नाही. मी तसे दोन-तीन पाहिले होते.

मी कागद घेऊन सरकारी वकिलांकडे गेलो. त्यांनी सगळं शांतपणे वाचलं आणि म्हणाले, "पाकिटावरचं नाव याने लिहिलंय?"

ते मी विचारलं होतं. अक्षरांच्या बाबतीत पेंटर फार मानी होता. "हे कॉम्प्युटरचे अक्षरं हायेत, माह्ये नाईत," असं त्यानं जबाबात मुद्दाम लिहून घ्यायला लावलं होतं.

"मग नावाचा गुन्हा त्याच्यावर येत नाही. राहिलं चित्र. शेठनं मोबदला देऊन काढून घेतलं असेल तर ते शेठचं, आणि हा आरोपी. मोबदला दिलेला नसेल, लिखापढीही नसेल, तर चित्र काढणाऱ्याचंच. स्वतःचं चित्र कुणाला काढून दिलं म्हणून त्याला कसं धरणार? शेठचा पुरवणी जबाब घ्या."

म्हणजे सगळं शेठच्या एका उत्तरावर येऊन थांबलं. खरं सांगितलं तर ज्या बाईवर त्यांचा सगळा धंदा उभा राहिला, ती कायद्यानं त्यांची उरणार नव्हती. वेगळं काही सांगितलं तर पेंटर आत जाणार होता. इतक्या जुन्या व्यवहाराचा साक्षीदार कोण असणार?

शेठ आणि पुतण्या ठरल्या दिवशी सकाळी आले. पेंटरलाही मी बोलावलं होतं. तो बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसला होता. शेठ त्याच्यासमोरून आत आले, दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. टेबलावर जप्त केलेलं चित्र होतं, कारण त्याचं वर्णन जबाबात घ्यायचं होतं.

आता जे सांगतो ते सांगायला मला जड जातं. मी पेन उघडलं आणि विचारलं, "शेठ, चित्राचा मोबदला तुम्ही दिलाच असेल ना?"

असं विचारायला नको होतं. त्या 'दिलाच असेल ना'मध्ये मी उत्तर घालून ठेवलं होतं. का घातलं? कारण तसं उत्तर आलं असतं तर माझं दोषारोपपत्र भक्कम झालं असतं. दोन आरोपी, चोरीचं चित्र, पूर्ण साखळी. महिनाभर मी पेंटरबद्दल हळवा होत होतो, आणि पेन हातात आल्यावर मात्र माझ्यातला चार्जशीट लिहिणारा माणूस बोलून गेला.

पुतण्यानं ते लगेच उचललं. "हो तर! दिला होता लिहा सर. व्हाउचर शोधून आणून देतो मी."

शेठनी चित्र स्वतःकडे ओढलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. बराच वेळ त्यांचं बोट चित्रातल्या मुसळावर फिरत होतं.

"हे पाह्यलं का साहेब?" ते म्हणाले. "मुसळ मधून कसं बारीक झालेलं हाय. ते आधी असं नव्हतं. माह्यावाला मसाला कुटून कुटून झालं ते. पाकिटावर इतकं दिसत नाही."

मी पेन कागदावर टेकवलं.

"लिहा. चित्राचे पैसे देल्ले नाहीत. द्याले गेल्तो मी, त्यानं घेतले नाहीत. म्हणला, पैसे नको, भारुडाले मंडप देत जाय. तो म्या देल्ला. मंग बंद केला."

"काका," पुतण्या खालच्या आवाजात म्हणाला, "हे लिहिलं तर बाई आपली राहत नाही."

"आपली होती कवा बे?" शेठ म्हणाले. "तिनं खाऊ घातलं म्हणून आपण हाओत."

मी जसंच्या तसं लिहिलं आणि वाचून दाखवलं. शेठनी सही केली. पुतण्याला मी वाईट म्हणणार नाही. तो शिकून आला होता तसंच करत होता, आणि त्या दिवशी काकाची सही वाळेपर्यंत तो मान खाली घालून बसला, तेवढ्यावरून मला वाटलं की हा पुढे बरा निघेल.

शेठ उठून व्हरांड्यात गेले आणि पेंटरच्या शेजारी बाकावर बसले. दार उघडंच होतं, मला सगळं ऐकू येत होतं.

"तुले इतकं वाईट वाटलं तं मले सांगितलं काऊन नाही बे?"

"सांगाले आल्तो. तुह्या हाफिसात त्या पोट्टीनं बाहेर बसवलं. म्हणे, अपॉइंटमेंट हाय का?"

"मंग?"

"मंग काय. नव्हती."

यावर शेठ रडायला लागले. मोठा माणूस, पांढरा सदरा, ठाण्याच्या व्हरांड्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर. पेंटरनं खांद्यावरचा रंगाळलेला पंचा काढून त्यांच्या हातात दिला. माझेही डोळे भरून आले, आणि मी उगाच स्टेशन डायरी उघडून बसलो.

पेंटर साक्षीदार झाला. मशीनवाल्यावर दोषारोपपत्र गेलं, पुढे यथावकाश त्याला शिक्षाही झाली. काका-पुतण्यांनी वकिलाकडून पेंटरबरोबर रीतसर करार करून घेतला. चित्र पेंटरचं, पाकिटावर वापरायची परवानगी शेठना, आणि त्याबद्दल भारुडाचा मंडप दरवर्षी. करारातलं ते शेवटचं कलम पुतण्यानं स्वतःहून घातलं म्हणतात. पुढच्या यात्रेला मी बंदोबस्ताच्या निमित्तानं मंडपात गेलो आणि गणवेशात, सगळ्यांच्या देखत, भारुडातल्या त्या सोंगाड्याबरोबर खदाखदा हसत शिंकलो. तिथून माझी बदली झाली ती दुसऱ्या जिल्ह्यात. इतकी ठाणी केली, पण सोडताना जीव अडकला तो तिथंच.

या प्रकरणानं मला एक गोष्ट शिकवली, ती मी पुढे प्रशिक्षण केंद्रात नव्या फौजदारांना सांगत आलो. प्रश्न विचारताना त्यात उत्तर घालू नका. समोरचा माणूस कमजोर असेल तर तो तुमचं उत्तर उचलतो आणि तुम्हाला वाटतं, सत्य मिळालं. त्या दिवशी शेठ कमजोर नव्हते म्हणून एक निर्दोष हात बेडीतून वाचला. त्याचं श्रेय माझं नाही. अजूनही एखाद्या दुपारी तो प्रश्न मला माझ्याच आवाजात ऐकू येतो आणि लाज वाटते.

माझ्या बदलीच्या आधी आणखी एक काम राहिलं होतं. जप्त केलेलं चित्र मूळ मालकाला परत द्यावं, असा न्यायालयाचा हुकूम आला. पेंटर आला, सोबत शेठही आले. मुद्देमाल कारकुनानं सुपूर्दनामा पुढे ठेवला. त्यात 'मालमत्तेच्या मालकाचे नाव' असा रकाना असतो. पेंटर त्याकडे पाहत राहिला.

"इथं काय लिहू साहेब?"

"तुमचं नाव."

त्यानं उभ्या आयुष्यात हजारो दुकानांवर मालकांची नावं लिहिली होती. स्वतःचं कुठंच लिहिलं नव्हतं. त्यानं कारकुनाचं बॉलपेन नाकारलं, खिशातून ब्रश काढला, शाई मागितली, आणि रकान्यात बसेल अशा बारीक अक्षरात, प्रत्येक अक्षराला बाजूनं सावली देत, सावकाश नाव लिहायला लागला.

"पेंटर, सही करा, बोर्ड नका रंगवू," हवालदार म्हणाले.

मी त्यांना हातानं थांबवलं. बाहेर दोन फिर्यादी ताटकळत होते, टेलिफोन वाजत होता. पंख्यानं कागद हलत होता, म्हणून शेठ पुढे झाले आणि नाव पूर्ण होईपर्यंत दोन्ही हातांनी तो धरून उभे राहिले.